कोल्हापूरच्या हिवाळ्यात वीज गेली तर: घरची तयारी आणि विजेची बचत

वळिवाच्या पावसात झाड कोसळून तारा तुटल्या की वीज का गेली, हे कुणाला विचारावे लागत नाही. हिवाळ्यात मात्र आभाळ निरभ्र असते, वारा पडलेला असतो, आणि तरीही पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास, पंचगंगेच्या काठावर धुके दाटलेले असताना, घरातले दिवे एकाएकी जातात. याला कारणे आहेत आणि ती समजून घेतली तर तयारी कशाची करायची हेही नेमके कळते. दिवाळीनंतर पाऊस थांबला की रस्त्यावरची धूळ, गुऱ्हाळांच्या चुलवाणांची आणि धुराड्यांची काजळी खांबांवरील चिनीमातीच्या इन्सुलेटरांवर साचत जाते. पावसाळ्यात हा थर धुऊन निघतो, हिवाळ्यात तो तसाच राहतो, आणि पहाटेचे दव त्यात मुरले की ओलावलेल्या थरातून वीज वाट काढते व वाहिनी ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. त्यातच रब्बीचे आणि उसाचे पाणी सुरू असल्याने शेतीपंपांचा भार असतो, शहरात एकाच वेळी हजारो गिझर चालू होतात आणि गल्लीतल्या डीपीचा, म्हणजे रोहित्राच्या पेटीचा, फ्यूज उडतो. गळीत हंगामात उंच भरलेल्या उसाच्या ट्रॉल्या खाली लोंबणाऱ्या तारांना लागतात, तेही एक निमित्त असते. याशिवाय देखभालीसाठी आगाऊ कळवून वीज बंद ठेवली जाते ती वेगळी.

म्हणजे हिवाळ्यातली वीज बहुतेक वेळा काही तासांसाठी जाते, पण नेमकी अंघोळीच्या, डब्यांच्या आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळी जाते. अनेक घरांत यावर पहिला उपाय म्हणून मोठा इन्व्हर्टर आणला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी घरात किती वीज लागते ते मोजावे, मग ती कमी करावी, आणि उरलेल्या गरजेपुरतीच बॅटरी घ्यावी. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: उजेड, फोन, पंखा यांना वीज थोडी लागते व ती बॅटरीतून देता येते, पाणी तापवणे, इस्त्री, शेगडी यांना वीज प्रचंड लागते व ती बॅटरीतून देऊ पाहणे व्यर्थ आहे. उजेडाची आणि उष्णतेची व्यवस्था मुळातच वेगळी ठेवली, तर वीज गेल्यावरची अडचण आणि दर महिन्याचे बिल या दोन्हींवर एकाच वेळी इलाज होतो.

मीटरसमोर पाच मिनिटे

घरातल्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याशेजारी, एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो, हा आकडा छापलेला असतो. पुष्कळ मीटरांवर तो ३२०० असतो. संध्याकाळी सातच्या सुमारास, नेहमीचे दिवे आणि उपकरणे चालू असताना, हातात घड्याळ घेऊन दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजावे. मीटर ३२०० चा असेल तर ११,२५० या संख्येला त्या सेकंदांनी भागले की त्या क्षणी घरात किती वॉट भार आहे ते कळते. साठ सेकंद लागले तर भार सुमारे १८८ वॉट, पंधरा सेकंद लागले तर ७५०. मग एकेक उपकरण बंद करत पुन्हा मोजावे. या मोजणीला पैसे लागत नाहीत आणि घरातल्या मुलांना ती आवडते. आमच्या घरी दहावीतल्या मुलीनेच सगळे आकडे वहीत लिहून काढले.

या मोजणीतून सहसा दोन गोष्टी बाहेर येतात. एक म्हणजे चोक असलेली जुनी ट्यूब सुमारे ५० वॉट घेते, तेवढाच उजेड देणारी एलईडी ट्यूब २० वॉटमध्ये भागवते. ६० वॉटच्या पिवळ्या बल्बची जागा ९ वॉटचा एलईडी घेतो. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास जातो तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास. दुसरी म्हणजे बंद वाटणारी उपकरणे बंद नसतात. दूरचित्रवाणीचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी तो दहा वॉट घेत राहिला, तर महिन्याला सात युनिटे जातात. भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय लावणे हाच त्यावरचा उपाय आहे.

बॅटरी किती मोठी हवी

आता हिशेब सोपा होतो. समजा वीज गेल्यावर दोन एलईडी ट्यूबा, दोन एलईडी बल्ब, एक बीएलडीसी पंखा (हिवाळ्यातही डासांमुळे तो लागतोच), दूरचित्रवाणी, वायफायचा राउटर आणि दोन फोनचे चार्जर चालवायचे आहेत. हा भार १८० वॉटच्या घरात जातो. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात, परंतु ती पूर्ण रिकामी करणे तिच्या आयुष्याला घातक असते, आणि इन्व्हर्टर स्वतःही सुमारे पाचवा हिस्सा खातो. त्यामुळे हाती साधारण ११५० वॉट-तास लागतात, म्हणजे वरील भार सहा तासांहून थोडा अधिक चालेल. त्याच घरात जुन्या ट्यूबा, पिवळे बल्ब आणि जुना पंखा असेल तर भार ३८० वॉटच्या पुढे जातो आणि तीच बॅटरी तीन तासांत थकते. उलट, एलईडी बसवलेल्या घराला १०० अँपिअर-तासांची बॅटरीही चार तास साथ देते, आणि हिवाळ्यातली बहुतेक खंडित वीज तेवढ्या वेळात परत येते. थोडक्यात, दिवे आणि पंखे बदलण्यावर खर्च केलेला पैसा बॅटरीच्या खर्चातून आणि बिलातून असा दोन्ही बाजूंनी परत येतो.

बॅटरी थंडीत कमी काम करते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिच्यावर लिहिलेली क्षमता २७ अंश सेल्सिअसला धरलेली असते, आणि तापमान दर अंशाने खाली गेले की ती साधारण एक टक्क्याने घटते. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरते. तेव्हा उघड्या गॅलरीत ठेवलेली बॅटरी घरात ठेवलेल्या बॅटरीपेक्षा दहा टक्क्यांनी कमी चालली तर नवल वाटू नये. ती घरातच, परंतु हवेशीर जागी ठेवावी, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. देवघराच्या समईजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ ती कधीही नसावी. दर दोन-तीन महिन्यांनी पाण्याची पातळी दाखवणारे तरंगक पाहावेत आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे; नळाचे, बोअरचे किंवा घरच्या आरओचे पाणी चालत नाही. टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून पुसावी, पुसताना ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये, आणि नंतर तेथे पेट्रोलियम जेली लावावी. हे करताना इन्व्हर्टर बंद असावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. काही आठवडे वीज गेलीच नाही, तर महिन्यातून एकदा मुद्दाम मुख्य स्विच बंद करून तासभर घर बॅटरीवर चालवावे, म्हणजे तिची खरी स्थिती अडचणीच्या दिवशी नव्हे तर आधीच कळते.

इन्व्हर्टरच्या वायरिंगचा मुद्दा मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. आमच्या घरी जोडणी करणाऱ्याने स्नानगृहातला गिझरचा सॉकेटही इन्व्हर्टरच्या लाईनीवर टाकला होता. पहिल्याच पहाटे वीज गेली तेव्हा गिझर चालू होता, ओव्हरलोडची शिट्टी वाजून इन्व्हर्टर बंद पडला आणि घरात अंधार झाला. म्हणून काम पूर्ण झाल्यावर इलेक्ट्रिशियन घरातच असताना मुख्य स्विच बंद करावा आणि प्रत्येक खोलीत फिरून काय चालते, काय चालत नाही ते तपासावे. गिझर, इस्त्री, पाण्याची मोटर, मिक्सर, इंडक्शन शेगडी आणि फ्रीज यांपैकी काहीही त्या लाईनीवर नसावे. त्याच भेटीत अर्थिंग तपासून घ्यावे, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्यावा. ओल्या हातांनी गिझरची बटणे दाबली जातात अशा ऋतूत हा खर्च टाळण्याजोगा नाही.

छतावर सौर पॅनेल बसवलेल्यांनी, किंवा २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून ते बसवू इच्छिणाऱ्यांनी, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. महावितरणच्या वाहिनीला जोडलेली साधी सौर यंत्रणा बाहेरची वीज गेली की भर उन्हातही आपोआप बंद पडते. खांबावर दुरुस्तीसाठी चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून वीज जाऊन धक्का बसू नये, म्हणून ती तशीच बनवलेली असते. पॅनेल बिल कमी करतात, एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात. पण खंडित विजेतही ती वापरायची असेल तर बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि हे विक्रेत्याशी बोलतानाच लेखी ठरवून घ्यावे.

गरम पाणी: खरा खर्च येथे आहे

आपल्याकडे हिवाळ्यात खोल्या तापवाव्या लागत नाहीत, पाणी तापवावे लागते. नळाचे पाणी वीस अंशांचे धरले आणि अंघोळीला चाळीस अंशांचे वीस लिटर पाणी, म्हणजे एक भरलेली बादली लागते असे मानले, तर एका बादलीला जवळपास अर्धे युनिट जाते. चौघांच्या घरात दिवसाला पावणेदोन ते दोन युनिटे आणि महिन्याला पंचावन्नच्या पुढे युनिटे केवळ अंघोळीत जातात; शॉवरखाली उभे राहून अंघोळ केली तर यापेक्षा अधिक. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी आणि १०१ ते ३०० युनिटांचा त्याहून बराच जास्त असल्यामुळे, एरवी नव्वद युनिटांत भागवणारे घर थंडीत नेमके या पाण्यामुळे वरच्या टप्प्यात जाते.

गिझर आहे तोच वापरायचा असेल तर तो तासभर आधी लावून ठेवण्याची सवय सोडावी. दोन किलोवॉटचा १५ लिटरचा गिझर वीस अंशांचे पाणी साठ अंशांना वीस-बावीस मिनिटांत नेतो आणि त्याला ०.७ युनिट लागते. तापमानाची कळ ७५ वर ठेवून मग अर्धी बादली गार पाणी मिसळण्यापेक्षा ती ५५ ते ६० अंशांवर ठेवावी. बादलीभर कोमट पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच राहते, पण टाकीतून आणि नळांतून वाया जाणारी उष्णता कमी होते. घरातल्यांच्या अंघोळी पाठोपाठ उरकाव्यात. उद्या सकाळी वीज बंद राहणार असल्याचा संदेश आला असेल, तर वीज जाण्यापूर्वी गिझर पूर्ण तापवून बंद करावा. चांगल्या गिझरमधले पाणी काही तास गरम राहते. मात्र वरच्या टाकीत पाणी असले पाहिजे, नाहीतर गरम पाणी नळापर्यंत येणार नाही. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षाराचा थर बसतो आणि तेच पाणी तापायला अधिक वेळ लागू लागतो, तेव्हा हिवाळ्याच्या आधी गिझर उघडून साफ करून घेणे फायद्याचे ठरते.

स्वतःचे छत असलेल्या कोल्हापूरकरांना मी आग्रहाने सुचवेन तो उपाय म्हणजे सौर बंब. डिसेंबर-जानेवारीत येथे बहुतेक दिवस स्वच्छ ऊन असते. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांना न्यायला सुमारे साडेचार युनिटे लागतात, ती रोज सूर्याकडून मिळतात, आणि साध्या रचनेत गरम पाणी स्वतःच्या हलकेपणानेच वर चढत असल्याने पंपही लागत नाही. म्हणजे वीज गेल्याचा त्यावर काही परिणाम होत नाही. नळकांड्या दक्षिणेकडे तोंड करून साधारण तीस अंश कलत्या असाव्यात, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो आणि २१ डिसेंबरच्या दुपारीही कोल्हापुरात तो क्षितिजापासून सुमारे पन्नास अंशच वर येतो. दर पंधरवड्याने काचा पुसाव्यात. टाकीपासून स्नानगृहापर्यंतच्या पाइपला उष्णतारोधक वेष्टन घालावे, आणि सुरुवातीला येणारे थंड पाणी बादलीत धरून धुण्या-भांड्याला वापरावे.

जुन्या पेठांतल्या आणि आसपासच्या गावांतल्या घरांत तांब्याचा बंब अजूनही आहे, आणि खंडित विजेच्या पहाटे त्याच्याइतके भरवशाचे साधन नाही. करवंट्या, शेणी किंवा जळण घालून तो परड्यात वा अंगणात पेटवावा. तो बंद स्नानगृहात पेटवू नये. शेगडीत कोळसे घालून ती खोलीत घेऊन झोपू नये. अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि गुदमरत असल्याचे माणसाला कळतही नाही. गॅस गिझरलाही हेच लागू आहे. तो वीज नसताना चालतो हे खरे, त्याच्या ठिणगीचे सेल मात्र सुटे आणून ठेवावे लागतात; पण तो स्नानगृहाबाहेर बसवलेला असावा आणि आत बसवलेला असेल तर खिडकी उघडी ठेवल्याशिवाय वापरूच नये. पाण्यात बुडवायच्या रॉडबद्दल एकच नियम पाळावा: प्लग भिंतीतून काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही.

स्वयंपाकघर आणि पिण्याचे पाणी

गॅसवर स्वयंपाक होत असला तरी वाटण मिक्सरवर होते. रविवारी तांबडा-पांढरा रस्सा करायचा असेल तर खोबऱ्याचे आणि तिळाचे वाटण आदल्या रात्रीच वाटून फ्रीजमध्ये ठेवावे. घरात पाटा-वरवंटा असेल तर तो माळ्यावरून खाली काढून ठेवावा. दळण आठवडा संपण्याआधी आणावे, कारण गिरणीही त्याच विजेवर चालते. कडधान्ये आणि डाळी आधी भिजवाव्यात, कुकरची शिट्टी झाली की आच मंद करावी, आणि भात किंवा आमटी तयार झाल्यावर पातेले वाकळेत गुंडाळून ठेवावे. दोन-अडीच तासांनी जेवायला बसले तरी ते पुन्हा तापवावे लागत नाही.

फ्रीजचे दार न उघडल्यास आतला थंडावा साधारण चार तास टिकतो, त्यामुळे सकाळची खंडित वीज दुधा-भाज्यांना बाधत नाही. हिवाळ्यात त्याची कळ एका आकड्याने खाली आणावी. वापरात असलेले इन्सुलिन साधारणपणे चार आठवडे तीस अंशांच्या आत फ्रीजबाहेर राहू शकते. तरी औषधाच्या वेष्टनावरील सूचना पाहावी आणि डॉक्टरांना विचारून ठेवावे. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर तो एकटाच तीनशे वॉटच्या आसपास घेतो. त्याच्यासाठी वेगळी बॅटरी आणि भरलेला सिलिंडर या दोन्हींची व्यवस्था डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच करावी.

पाण्याचा विचार पुष्कळदा राहून जातो. शहराचे पाणी शिंगणापूर, बालिंगा आणि काळम्मावाडी येथून पंपाने उपसून येते. तेथील वीज काही तास गेली तर नळाला पाणी दुसऱ्या दिवशी कमी येते, तेही आपल्या गल्लीत दिवे व्यवस्थित असताना. पिण्याचे दोन दिवसांचे पाणी झाकून ठेवावे आणि वरची टाकी रात्री झोपण्यापूर्वी भरलेली असावी.

वीज जाते तेव्हा आणि परत येते तेव्हा

चार्ज केलेला एक विजेरी दिवा दाराजवळ ठरलेल्या जागी टांगलेला असावा आणि ती जागा घरातल्या ज्येष्ठांनाही अंधारात हाताला लागेल अशी असावी. १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक साध्या फोनला सुमारे दीड वेळा पूर्ण भरते. घरून काम करणाऱ्यांना आणि ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांना राउटरसाठीचा बारा व्होल्टचा लहान यूपीएस पुरतो. मेणबत्ती शक्यतो टाळावी. थंडीत पांघरुणे आणि पडदे जवळ असतात.

वीज गेल्याबरोबर आधी शेजारी पाहावे. केवळ आपल्याच घरात अंधार असेल तर एमसीबी (भार वाढताच आपोआप पडणारा घरातला स्विच) तपासावा. गल्लीच बंद असेल तर महावितरणच्या १९१२, १९१२०, १८००-२१२-३४३५ किंवा १८००-२३३-३४३५ या निःशुल्क क्रमांकांपैकी एकावर, बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवून, तक्रार नोंदवावी. डीपीवर स्वतः फ्यूज घालायला जाऊ नये, गावाकडे तर ही सवय फार आहे आणि तिने माणसे दगावतात. तुटून पडलेल्या तारेजवळ कोणालाही, जनावरांनाही, जाऊ देऊ नये. जनरेटर वापरणाऱ्यांनी तो चेंजओव्हर स्विचशिवाय (घर एका वेळी बाहेरच्या विजेला किंवा जनरेटरलाच जोडणारा स्विच) घराच्या वायरिंगला जोडू नये, कारण ती वीज उलटी बाहेरच्या तारांत जाते.

परत येणारी वीज कधी कधी अधिक धोकादायक असते, कारण पहिले काही क्षण व्होल्टेज २३० च्या बरेच वर किंवा खाली असू शकते. म्हणून वीज गेली की फ्रीज, दूरचित्रवाणी, गिझर आणि संगणक यांची बटणे बंद करावीत, एक दिवा तेवढा चालू ठेवावा, आणि तो पाच मिनिटे स्थिर जळत राहिला की बाकीची उपकरणे एकेक करून सुरू करावीत. दिवा एकाएकी फार प्रखर झाला तर न्यूट्रलची तार सुटल्याची शक्यता असते. तेव्हा मुख्य स्विच ताबडतोब बंद करून तक्रार करावी. गल्लीतल्या प्रत्येकाने गिझर दहा-पंधरा मिनिटे थांबून लावला, तर नुकताच बसवलेला फ्यूज पुन्हा उडत नाही.

मोबाइल क्रमांक ग्राहक क्रमांकाशी जोडलेला नसेल तर तो आजच जोडून घ्यावा, म्हणजे नियोजित बंदचे संदेश आदल्या दिवशी मिळतात. ग्राहक क्रमांक, तक्रारीचे क्रमांक, इलेक्ट्रिशियनचा फोन आणि बॅटरीत पाणी घातल्याची शेवटची तारीख एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद मीटरच्या पेटीच्या दारावर आतून चिकटवावा.